कासाराच्या पोराला बांगड्या

"हात पुढं कर," सर म्हणले.

म्या केला. कोणी मला धरून ठिवलं न्हवतं, कोणी हात मुरगाळला न्हवता. वर्गात छडी खायला करायचो तसाच मुकाट्यानं पुढं केला. आज आठवलं का त्याचीच जास्ती लाज वाटती.

कबड्डीचं मैदान. फक्कीच्या रेषा पायानं पुसलेल्या. चारी अंगानं माणसं, लिंबाच्या झाडावर माणसं, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं. आमच्या गावची जत्रा व्हती आन् जत्रेतला आखरी सामना आम्ही एका गुणानं हरलो व्हतो. पी.टी.च्या सरांच्या हातात हिरव्या बांगड्या. एक डझन, दोऱ्यात बांधलेल्या.

सरांनी बांगडी माझ्या हातावर ठिवली आन् रेटली. बांगडी रेटून जात नसती. अंगठ्याच्या बुडाचं हाड आधी आत दाबावं लागतं, हात ढिला करून घ्यावा लागतो. ते सरांना कुठून यायला? दोन बांगड्या कडकन फुटल्या. एक तुकडा अंगठ्याच्या बुडाशी घुसला. रगत आलं. लोक हसले.

मांडवात खुर्चीवर दादासाहेब बसले व्हते. गावची निम्मी जमीन त्यांची, ऊस त्यांचा, शाळा त्यांची, सर त्यांच्या पगारावर, आन् कबड्डीचा संघबी त्यांचाच. ते बसल्या जागेवरून म्हणले, "कासाराच्या पोराला बांगड्या! घरचीच भाकर घरच्यालाच!"

सारं मैदान हसलं. माझ्या संघातले सहाच्या सहा हसले. त्यातल्या एकासंगं मी सकाळी एका ताटात जेवलो व्हतो.

गावात आमचं एकच घर कासाराचं. बाप मी तिसरीला असताना गेला. माय डोक्यावर टोपली घिऊन घरोघर बांगड्या भरायची. मी दहावीला व्हतो. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाल्ता, सर रोज सांगायचे, आता आपला जिल्हा, आपला संघ जिल्ह्याला न्यायचाय. मला लई भारी वाटायचं. मी डाव्या कोपऱ्याला खेळायचो. अंगानं थोराड व्हतो, पकड चांगली व्हती.

माझा गुन्हा सांगतो. गोदाकाठच्या गावचा एक संघ आल्ता. त्यांचा चढाईवाला सुदाम. लई चपळ, पण उजव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. सामन्याच्या आधी सर मला बाजूला घिऊन म्हणले, "ह्याची चढाई आली का दुसरं काही बघू नको. तोच गुडघा धर आन् उलटा दाब. पुन्हा उठला न्हाई पाहिजे."

आखरी चढाई त्याचीच आली. तो माझ्या कोपऱ्यात घुसला. गुडघा माझ्या हाताखाली आल्ता. बराबर हाताखाली. त्यालाबी ते कळलं. तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच, पण डोळे आधी गुडघ्याकडं गेले, मंग माझ्याकडं आले. मला काय झालं कोण जाणे. म्या गुडघा सोडला आन् कंबर धरली. तो वजनानं भारी. मला ओढत ओढत घिऊन गेला मधल्या रेषेपर्यंत आन् हात टेकवला. हरलो.

आमच्या जत्रेत दोन रिवाज. समोरचा गडी मैदानातून उचलून न्यावा लागला, का दादासाहेब सीमेच्या रेषेवर नारळ फोडायचे, आन् ज्यानं आडवा केला त्याला पहिलं खोबरं. आन् आपल्या गड्यानं कच खाल्ली, का त्याला बांगड्या. दोन्ही रिवाज बायामाणसांपासून म्हाताऱ्यांपर्यंत समद्यांना आवडायचे. जत्रेत तमाशा असतो ना, तसंच.

हातात बांगड्या, अंगावर बनियन आन् हाफ चड्डी. हात लपवायला खिसाबी न्हवता. तसाच देवळाकडं गेलो. तिथं मायचं दुकान मांडलेलं व्हतं. मायनं माझ्या हाताकडं बघितलं. तिनं बांगड्या वळखल्या. घडीभरापूर्वी तिच्याच दुकानातून गेल्त्या.

झालं असं, दादासाहेबाचा माणूस आल्ता. म्हणला, मावशी, डझनभर हिरव्या द्या. मायनं ईचारलं, कोणत्या मापाच्या? तो म्हणला, मोठ्यात मोठ्या, हात राकट हाय. मायला वाटलं, ऊसतोडीची एखादी बाई असंल. तिनं एकेक बांगडी बोटानं वाजवून, चिरलेली बाजूला काढून, चांगल्या निवडून दिल्या.

"बस," माय म्हणली. माझा हात मांडीवर घेतला. "ढिला सोड."

उरलेल्या दहा बांगड्या तिनं काढल्या. एकबी फुटली न्हाई. रगत पदरानं पुसलं.

"कोणी भरल्या?"

"सरांनी."

"त्याला हात धरता येत न्हाई," माय म्हणली. त्या दहा बांगड्या फडक्यात बांधून टोपलीच्या बुडाशी ठिवल्या.

आता खरं सांगायचं तर मला राग आला तो दादासाहेबाचा न्हाई. सरांचाबी न्हाई. मला माझाच राग आला. वाटलं, गुडघा सोडला म्हणून हे झालं. बाईमाणसासारखा इरघळलो म्हणून झालं. ज्या बांगड्यांवर मी वाढलो, ज्या काचंनं माझ्या पोटात भाकर गेली, तिचीच मला किळस आली. त्या दिवसापासून मायच्या टोपलीला हात लावला न्हाई. ती म्हणायची, डोक्यावर तेवढी चढवून दे रे. मी ऐकलं न ऐकलं करून निघून जायचो. काय बुद्धी झाल्ती!

मी सरांकडं गेलो. म्हणलं, शिकवा.

सर खूष. शाळेमागं लिंबाच्या खोडावर माझी तालीम चालायची. चढाईवाल्याचा पाय आपल्या दोन पायांत कात्रीसारखा धरायचा आन् अंग पिळायचं. तिला कैची म्हणतेत. नियमात ती बसत न्हाई. आमच्याकडच्या मैदानात तिला सूट व्हती. सर म्हणायचे, "गुडघा म्हंजी दाराची बिजागरी. उलटी दाबली का निघाली." मी खोडाला पाय घासून घासून कातडी सोलून घेतली.

दुसऱ्या साली पहिला गडी आडवा केला. अंतरवालीकडचा व्हता, नाव माहीत न्हाई. तेव्हाबी म्या ईचारलं न्हाई. त्याला चौघांनी उचलून नेला आन् नारळ फुटला. दादासाहेबानं स्वतःच्या हातानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडात घातला. गोड लागलं. खोटं कशाला बोलू? लई गोड लागलं.

मंग काय, पैलवान झालो. हॉटेलात गेलो का बाकड्यावरचे उठायचे. चहा आधी माझ्यापुढं. बारकी पोरं कैची कैची म्हणून वरडायची. ज्यांनी दात काढले व्हते तेच आता खांद्यावर हात टाकायचे. बारावीला नापास झालो, कोणी काही म्हणलं न्हाई. दादासाहेबानं मला त्यांच्या शाळेत शिपाई लावला. पण नोकरी पक्की न्हाई. दर साली जत्रा झाली, सत्कार झाला, का फेट्यासंगं सालभराचा कागद हातात पडायचा. पुढच्या जत्रेपर्यंत शिपाई. त्याच्या पुढं काय, ते मैदानात ठरायचं.

हळूहळू कळलं, कबड्डी जत्रेपुरती न्हाई. चारीच्या पाण्यावरून कोणी दादासाहेबासंगं तोंड वाजवलं, का मला निरोप. सोसायटीच्या निवडणुकीत कोणी उलटा अर्ज भरला, का मला निरोप. "जा, नुसता त्याच्या दारात बसून ये." मी जायचो, बसायचो. हात उचलायची बिलकुल गरज पडायची न्हाई. माझे पाय बघून माणूस पाण्याचा तांब्या घिऊन यायचा आन् अर्ज काढून घ्यायचा. सुटायचं म्हणलं तर कुठून सुटणार? नोकरी त्यांची, राहती जागा गावठाणातली, तीबी त्यांच्या मेहेरबानीवर, आन् अंगात येणारी एकच विद्या. लोकाचं हाड मोडायची.

एक गंमत सांगतो. दादासाहेबाचा पोरगा माझ्याच वयाचा. तो औरंगाबादला शिकायला. तो बॅडमिंटन खेळायचा. त्या खेळात मधी जाळी असती.

मायचं गिऱ्हाईक तुटत गेलं. बाई आपला हात परक्याच्या हातात देती ती फक्त कासाराच्या. डोळे झाकून देती. आता बाया दारातूनच म्हणायच्या, आज नको मावशी. एकीनं तोंडावर सांगितलं, तुमच्या लेकानं माझ्या भाच्याचा पाय मोडला, तुमच्या हातात हात द्यायला जीव धजत न्हाई. मायनं मला हे सांगितलं न्हाई. मला दुसरीकडून कळलं. म्या तिला ईचारलं तर म्हणली, "खेळात व्हतं म्हणतेत ना सारे? मंग झालं."

असे दहा-बारा साल गेले.

मंग एका जत्रेला सुदाम आला. तोच गोदाकाठचा. आता नवीन जालन्यात मोंढ्यात हमाली करायचा. मानेवर घट्टा आल्ता. गुडघ्याला फडकं तसंच. सामन्याआधी तो आपणहून माझ्याकडं आला.

"वळखलं का?"

"वळखलं."

"त्या साली तू माझा गुडघा सोडल्ता. त्याच्यावरच आज पोती उचलून राह्यलो."

म्या त्याच्या गुडघ्याच्या फडक्याकडं बघितलं.

"तुला बांगड्या भरल्या म्हणं. मला मागून कळलं. लई वाईट वाटलं गड्या." मंग हसला. "बायकोला घिऊन आलो जत्रंला. तुझ्याच मायकडं बसलीय, चुडा भरून राह्यली. आज माझा आखरी सामना. पुरे आता."

तो गेला आन् सर आले. "हा तोच ना?"

"हो."

"मंग आज तरी चुकू नको."

म्या मांडवाकडं बघितलं. दादासाहेबानं खुर्चीवर बसल्या बसल्या नारळ हातात धरून वर केला. मला दाखवला. गालात हसले.

मी ठरवलं व्हतं का? लोक ईचारतेत. मी काहीच ठरवलं न्हवतं. तेच तर वंगाळ. खोडावर इतके साल पाय घासल्यावर ठरवायची गरज राहत न्हाई. सुदाम कोपऱ्यात आला आन् माझे पाय आपोआप गेले. कैची बसली. म्या अंग पिळलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. त्याचं कबड्डी कबड्डी मधीच तुटलं आन् तो गुरासारखा वरडला.

पंचानं आधी मांडवाकडं बघितलं, मंग शिट्टी मारली. गुण आम्हाला. नारळ फुटला.

तेवढ्यात एक बाई गर्दी फोडून मैदानात घुसली. सुदामची बायको. नवऱ्याचा पाय जिकडं जायला न्हाई पाहिजे तिकडं गेल्ता. तिनं बघितलं आन् दोन्ही हात मातीत आपटायला लागली. हातभर नवा चुडा. आपट आपट आपटला. हिरवे तुकडे सगळीकडं उडाले. तिनं मान वर करून मला बघितलं.

"आत्ता तुझ्या मायनं भरल्या रे," ती म्हणली. "आत्ताच भरल्या."

कोणीतरी माझ्या हातात खोबरं ठिवलं. माझ्या डोक्याला फेटा बांधला. सरांनी सालभराचा कागद दिला.

म्या घेतला. फाडून फेकला, तोंडावर मारला, असं सांगायला मलाबी आवडलं असतं. पण घेतला. घडी करून फेट्यात खोसला.

महिन्यानं सुदामला बघायला जालन्याला गेलो. खाटेवर पडला व्हता, पाय पांढऱ्या पट्टीत. त्याच्या बायकोनं मला बघून भिताडाकडं तोंड केलं.

"पोतं आता उचलता येणार न्हाई म्हणतेत," सुदाम म्हणला. मंग माझं तोंड बघून मलाच धीर द्यायला लागला. "तू काय मुद्दाम केलं का? खेळात व्हतं."

मुद्दाम केलं रे बाबा! मुद्दामच केलं! वरडून सांगावं वाटलं. पण उठून बाहेर आलो.

खेळात व्हतं. सर म्हणले, पंच म्हणला, पोलीस पाटील म्हणला, हॉटेलातले म्हणले. मी स्वतःला दहा साल हेच सांगितलं. आन् आता ज्याचा पाय मोडला तोबी हेच म्हणून राह्यला. परतीच्या जीपमधी मागं लटकून आलो. सारा रस्ता तेच वाक्य. त्या वाक्यात किती माणसं आरामात बसलेली असतेत, ते तेव्हा कळलं. दादासाहेब तर खुर्चीसकट बसलेले.

पुढची जत्रा आली. त्या साली म्या मैदानात उतरायचं टाळलं, पाठ धरली म्हणून सांगितलं. अंगात तेवढीच हिंमत व्हती. माझ्या जागी डाव्या कोपऱ्याला बाळू. सुताराचा बाळू, इशीतला गडी. त्याला कैची म्याच शिकवलेली. आखरी सामन्यात समोरच्याचा पाय त्याच्या कैचीत पुरा आल्ता, आन् बाळूनं पाय मोकळे केले. सोडून दिला. माझ्या डोळ्यादेखत. आम्ही हरलो.

दादासाहेबानं मला बोलावलं. "जा, डझनभर बांगड्या घिऊन ये. ह्याला तूच भर. तुझ्यासारखा कासार असताना दुसरा कशाला?"

लोक हसायला लागले. बाळू मधी उभा, मान खाली. त्याच्याबी बनियनला खिसा न्हवता.

मी गेलो. सवयीनं गेलो. देवळापाशी मायपुढं उभा राह्यलो.

"डझनभर हिरव्या."

मायनं माझ्याकडं बघितलं. "कोणत्या मापाच्या?"

म्या मैदानाकडं बघितलं.

"कोणत्या मापाच्या रे?" तिनं पुन्हा ईचारलं. "ज्याला भरायच्या त्याचा हात कुठंय? आन हिथं त्याला. माझ्या जल्मात म्या हात बघितल्याबिगर कोणाला बांगडी दिली न्हाई. एकदाच दिली. ती तुझ्या हातात घातली त्यांनी."

ती कधी रडत न्हाई. तेव्हाबी रडली न्हाई. पण इतके साल ती स्वतःला दोष दिऊन राह्यली व्हती, हे मला तेव्हा कळलं. दोष त्यांचा, लाज मला, आन् घोर तिला. माझं डोकंच फिरलं. कोणावर फिरायला पाहिजे ते पहिल्यांदा बराबर कळलं.

मोकळ्या हातानं मैदानात आलो.

"बांगड्या?" दादासाहेब म्हणले.

"न्हाईत."

"कासाराच्या घरी बांगड्या न्हाईत?" लोक हसले.

"हायत. देत न्हाई."

हसणं थांबलं. सर जल्दी जल्दी जवळ आले, कानाशी म्हणले, "कागद पाहिजे का न्हाई तुला?"

म्या मोठ्यानं सांगितलं, झाडावरच्यालाबी ऐकू जाईल असं. "सुदामचा पाय खेळात न्हाई मोडला. म्या मोडला. ह्या सरांनी शिकवलं म्हणून मोडला. दादासाहेब नारळ घिऊन बसले व्हते म्हणून मोडला. तुम्ही समदे टाळ्या वाजवायला उभे व्हते म्हणून मोडला. बाळू, तू घरी जा. तुझं काही चुकलं न्हाई."

बाळू गेला. मोकळ्या हातानं गेला. तेवढं म्या बघितलं.

मंग मला संघातल्या पोरांनी तिथंच आडवं केलं. म्याच शिकवलेली पोरं. कोणाची कैची व्हती ते दिसलं न्हाई, पण बसली बराबर. डावा गुडघा गेला. मी मातीत पडलो व्हतो आन् रेषेवर नारळ फुटल्याचा आवाज आला. माझ्या नावाचा नारळ. ते खोबरं कोणी खाल्लं ते मला माहीत हाय. रोज दिसतेत.

नोकरी गेली. राहत्या जागेची नोटीस आली, ती अजून लढवून राह्यलो. जालन्याला जाऊन सुदामपुढं बसलो आन् सांगितलं, मुद्दाम केलं, दादासाहेबानं करवलं. तो म्हणला, लिहून देशील का? दिलं. माझ्या नावानिशी, माझ्या गुन्ह्यासकट, पोलीस ठाण्यात. दोनदा कागद हरवला म्हणले. तिसऱ्यांदा दिला. चौथ्यांदाबी देईन.

माय आता थकली. टोपली म्या घेतली. पहिल्या पहिल्यांदा लोक खदाखदा हसायचे, पैलवान बांगड्या भरून राह्यला म्हणून. हसू द्या. बाया आधी लांब राह्यल्या. पहिला हात जत्रेत सुदामच्या बायकोनं पुढं केला. डोळ्यात बघितलं न्हाई, नुसता हात पुढं केला. एकबी फुटली न्हाई. माफ केलं असं ती म्हणली न्हाई आन् म्या ईचारलं न्हाई.

जत्रा अजून भरती. दादासाहेब गेले. खुर्चीवर आता बॅडमिंटनवाला बसतो. नारळ तोच, मांडव तोच. मी दुकान देवळापाशी मांडत न्हाई. मैदानाच्या सीमेला लागून मांडतो, खुर्चीच्या बराबर समोर. डावा पाय मुडपत न्हाई, म्हणून तो लांब करून बसतो. लोकांना दिसावा म्हणूनबी लांब करतो. मायच्या फडक्यातल्या त्या दहा बांगड्या दुकानात खिळ्याला टांगल्यात. त्या इकायच्या न्हाईत.

गेल्या जत्रेला खुर्चीवाल्याचा माणूस आला. "डझनभर हिरव्या द्या. मोठ्या मापाच्या."

"हात कुठंय?"

"तिकडं मैदानात हाय. हरून बसलाय."

"मंग त्याला हिथं घिऊन ये. तो स्वतःच्या तोंडानं म्हणला, माझ्या हातात भरा, तर भरतो. न्हाईतर तुझ्या साहेबाला घिऊन ये. त्याचं माप घेतो."

तो माणूस माझ्या पायाकडं बघत उभा राह्यला. मंग मैदानाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, आन् मोकळाच गेला. त्या दिवशी कोणाच्या हातात बांगड्या पडल्या न्हाईत. नारळ मात्र फुटला.

पुढच्या साली तोबी फुटू देणार न्हाई. रेषेवर जिथं तो फोडतेत, तिथंच दुकान मांडणार हाय.